डीजेचा ठेका कुणाचा? शिकागो, डेट्रॉइट आणि पुसलेली नावे

एप्रिल महिना जवळ आला की आपल्याकडे एक वाद ठरलेला असतो. जयंतीच्या मिरवणुकीत डीजे असावा की नसावा? आमच्या अभ्यासवर्गातही तो यंदा झाला. ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, एवढे पैसे वाचनालयाला द्या, भिंतीएवढ्या स्पीकरला नको. या मुद्द्यात तथ्य आहे आणि त्यावर स्वतंत्रपणे बोलता येईल. पण त्याच चर्चेत एक वेगळे वाक्य आले. "हे गोऱ्या श्रीमंतांच्या पोरांचं संगीत आहे, गोव्याच्या पार्ट्यांमधलं. आपल्या लढ्याशी त्याचा काय संबंध?" हे वाक्य कुणीही खोडले नाही. मिरवणुकीत सगळ्यात पुढे नाचणारी पोरेही गप्प बसली, कारण त्यांनाही मनातून तसेच वाटत होते.

हा लेख त्या वाक्यासाठी आहे. ते वाक्य इतिहासाच्या कसोटीवर साफ खोटे आहे. पण ते खोटे आपल्याला खरे वाटू लागले, जगभरच्या लोकांना खरे वाटू लागले, हे आपोआप झालेले नाही. ज्यांनी हे संगीत घडवले त्यांची नावे आणि चेहरे त्यावरून कसे निघून गेले, हाच या संगीताचा इतिहास आहे.

सुरुवात एका आगीपासून करू. १२ जुलै १९७९, शिकागो शहराच्या दक्षिण भागातले कोमिस्की पार्क हे बेसबॉलचे मैदान. स्टीव्ह डाल नावाचा एक गोरा रेडिओ निवेदक होता. त्याच्या आधीच्या रेडिओ स्टेशनने रॉक सोडून डिस्को वाजवायला सुरुवात केली आणि त्याची नोकरी गेली. नव्या स्टेशनवर आल्यावर त्याने डिस्कोविरुद्ध मोहीमच उघडली. त्या दिवशी मैदानावर अशी योजना होती की जो कुणी डिस्कोची एक तबकडी घेऊन येईल त्याला फक्त ९८ सेंटमध्ये आत सोडायचे आणि दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत त्या सगळ्या तबकड्या स्फोटकांनी उडवून द्यायच्या. सुमारे ५० हजार लोक आत आले, हजारो बाहेर राहिले. स्फोट झाला आणि हजारोंचा जमाव मैदानात घुसला. तिथेही आगी पेटल्या, खेळपट्टी उखडली गेली, दंगलविरोधी पोलीस बोलवावे लागले, ३९ जणांना अटक झाली. दुसरा सामना खेळताच आला नाही, यजमान संघाला तो सोडून द्यावा लागला.

त्या दिवशी मैदानात प्रेक्षकांना जागा दाखवण्याच्या कामावर एक काळा मुलगा होता. त्याचे नाव व्हिन्स लॉरेन्स. सिंथेसायझर विकत घेण्यासाठी तो पैसे साठवत होता. पुढे अनेक मुलाखतींत त्याने सांगितले आहे की लोकांनी जाळायला आणलेल्या तबकड्यांच्या ढिगात डिस्कोशी काहीही संबंध नसलेल्या कितीतरी तबकड्या होत्या. त्यांच्यात समान गोष्ट एकच होती, ती म्हणजे त्या काळ्या कलाकारांच्या होत्या.

स्टीव्ह डाल आजवर सांगत आला आहे की यात वंशद्वेष नव्हता, तो संगीताच्या आवडीनिवडीचा प्रश्न होता. आम्ही त्याच्या मनात शिरू शकत नाही आणि शिरायची गरजही नाही. आपल्याकडे पाणवठ्यावर अडवणारा प्रत्येक माणूस मनाने दुष्ट होता असे बाबासाहेबांनी कधी म्हटले नाही. त्यांनी प्रश्न व्यवस्थेचा मांडला. डिस्को हे कुणाचे संगीत होते? न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या सुमारास काळे, लॅटिनो आणि समलिंगी लोक ज्या खासगी जागांत एकत्र जमून नाचत, तिथे ते वाढले. नंतर ते चित्रपटात गेले, पांढऱ्या सुटातल्या गोऱ्या नायकाच्या अंगावर चढले, कंपन्यांनी त्यातून पैसा काढला. मग लाट उलटली आणि 'डिस्को मुर्दाबाद'ची ओरड सुरू झाली. ती झळ गोऱ्या नायकाला लागली नाही. रेकॉर्ड कंपन्यांनी डिस्कोचे विभाग बंद केले, रेडिओने गाणी काढून टाकली, आणि रोजगार गेला तो काळ्या गायक-वादकांचा.

आता त्याच शहरात, त्या मैदानापासून काही मैलांवर, काय चालले होते ते पाहू. साऊथ जेफरसन स्ट्रीटवर २०६ क्रमांकाची एक जुनी औद्योगिक इमारत होती. रॉबर्ट विल्यम्स या काळ्या माणसाने तिथे 'द वेअरहाऊस' नावाचा क्लब चालवला. १९७७ मध्ये त्याने न्यूयॉर्कहून एका तरुण डीजेला बोलावले. फ्रँकी नकल्स, जन्म १९५५, ब्राँक्सचा. काळा आणि समलिंगी.

हे दोन्ही शब्द एकत्र का सांगतो, ते नीट समजून घ्या. शिकागो हे उत्तरेतले शहर. १९१० ते १९७० या काळात दक्षिणेतल्या गुलामगिरीच्या वारशापासून, जमावाच्या फाशीपासून पळून सुमारे ६० लाख काळे लोक उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत आले. त्यातले लाखो शिकागोत. पण तिथेही त्यांना कुठे राहू द्यायचे हे आधीच ठरलेले होते. अमुक वस्तीत काळ्यांना घर विकणार नाही असे करार गोरे घरमालक लिहून घेत. काळ्या वस्तीत घरासाठी कर्ज द्यायचे नाही हे बँका नकाशावर रेघ ओढून ठरवत. १९१९ मध्ये तलावात पोहताना एक काळा मुलगा अदृश्य सीमा ओलांडून 'गोऱ्यांच्या' पाण्यात गेला. त्याच्यावर दगड मारले गेले, तो बुडाला आणि नंतरच्या दंगलीत ३८ माणसे मेली. पाण्याच्या त्या रेषेबद्दल महाडच्या वारसदारांना आम्ही अधिक काय सांगावे!

काळ्या समलिंगी तरुणाची कोंडी दुहेरी होती. स्वतःच्या वस्तीत, स्वतःच्या चर्चमध्ये तो पापी. आणि गोऱ्या समलिंगींच्या बारमध्ये जावे तर दारावर त्याच्याकडेच दोन-दोन, तीन-तीन ओळखपत्रे मागून त्याला परत पाठवण्याची रीत तेव्हा अनेक अमेरिकी शहरांत होती. शोषितांच्या आतही पायऱ्या असतात, वरच्या पायरीवरचा खालच्याला ढकलतो. याला श्रेणीबद्ध विषमता हे नाव बाबासाहेबांनी दिले. वेअरहाऊस ही त्या सगळ्यात खालच्या पायरीवर ढकललेल्यांनी उभी केलेली जागा होती. दारू विकली जात नसे. शनिवारी रात्री सुरू झालेला नाच रविवारी दिवस वर येईपर्यंत चाले. हळूहळू तिथे इतर काळे, लॅटिनो, गोरेही येऊ लागले. पण नियम त्या जागेचा होता, आत येणाऱ्याला आपली पायरी बाहेर ठेवून यावे लागे.

डिस्को जाळली गेल्यावर नव्या तबकड्या येणे आटले. मग नकल्सने काय केले? जुनी गाणी टेपवर घेतली, कापली, जोडली, नाचाचा भाग लांबवला, खाली ड्रम मशीनचा ठोका भरला. लोक रेकॉर्डच्या दुकानात जाऊन 'वेअरहाऊसमध्ये वाजते ते' मागू लागले. दुकानदार तशी चिठ्ठीच लावू लागला. वेअरहाऊसमधला 'हाऊस' तेवढा उरला. आज स्वीडनपासून सिडनीपर्यंत ज्या संगीताला हाऊस म्हणतात, ते नाव एका काळ्या समलिंगी क्लबच्या पाटीवरून आले आहे.

आणि व्हिन्स लॉरेन्स? त्या मुलाने सिंथेसायझर घेतला. १९८४ मध्ये जेसी साँडर्ससोबत त्याने 'ऑन अँड ऑन' ही तबकडी काढली. हाऊसची पहिली तबकडी म्हणून आज तिचेच नाव घेतात.

यंत्रांची गोष्ट इथे सांगावीच लागेल, कारण आपल्या पोरांना तिच्यात रस वाटेल. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० मध्ये टीआर-८०८ नावाचे ड्रम मशीन काढले, मग टीबी-३०३ नावाचा छोटा डबा काढला. गिटारवाल्याला एकट्याने सराव करता यावा म्हणून बेस वाजवून देणारा. दोन्ही बाजारात आपटली. ८०८ चा आवाज खऱ्या ढोलासारखा नाही, ३०३ चा खऱ्या बेस गिटारसारखा नाही, अशी तक्रार. १९८४ पर्यंत दोन्हींचे उत्पादन बंद. मग ती जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळू लागली आणि ज्यांना नवे वाद्य परवडत नव्हते त्यांच्या हातात आली. शिकागोतल्या 'फ्युचर' या तीन काळ्या मुलांच्या गटाने ३०३ ची बटणे अशी पिरगाळली की त्यातून कधी कुणी न ऐकलेला, किंचाळणारा, चिखलात पाय रुतल्यासारखा आवाज निघाला. त्यांनी ती टेप रॉन हार्डी या डीजेला दिली. त्याच्या 'म्युझिक बॉक्स' क्लबमध्ये ती पहिल्यांदा वाजली तेव्हा लोक फ्लोअर सोडून गेले. हार्डीने त्याच रात्री ती पुन्हा लावली, पुन्हा लावली. चौथ्या वेळी लोक वेडे होऊन नाचले. १९८७ मध्ये ती 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' नावाने बाहेर आली आणि त्यातून अ‍ॅसिड हाऊस जन्मले. रॉन हार्डी १९९२ मध्ये वारला, वय अवघे ३३. तबकड्यांवर त्याचे नाव फारसे नाही, म्हणून त्याचा इतिहास लोकांच्या आठवणींत आणि जुन्या टेपमध्येच आहे.

दुसऱ्यांच्या टाकाऊ मालातून जगणे आपल्या पिढ्यांना ठाऊक आहे. त्याचे उदात्तीकरण आम्ही करणार नाही. या मुलांना टाकाऊ यंत्र आवडले म्हणून त्यांनी घेतले असे नाही, तेच परवडत होते. आणि परवडणाऱ्या वस्तूतून त्यांनी जे काढले ते ती वस्तू बनवणाऱ्या अभियंत्यांनाही सुचले नव्हते.

शिकागोपासून काही तासांच्या अंतरावर डेट्रॉइट आहे. मोटारींचे शहर. इथली गोष्ट थोडी वेगळी, वर्गाच्या अंगाने वेगळी. मोटार कारखान्यांत युनियनमुळे बरा पगार मिळाला आणि काळ्या कामगारांच्या एका थराला घर, गाडी, मुलांचे शिक्षण परवडू लागले. पण १९६७ मध्ये पोलिसांच्या एका धाडीवरून शहर पेटले, ४३ माणसे मेली. गोरे आधीपासूनच उपनगरांकडे निघाले होते, आता तो लोंढा झाला. कारखाने हलले, त्यात यंत्रमानव आले. मोटाउन ही काळ्या मालकीची सुप्रसिद्ध रेकॉर्ड कंपनीसुद्धा १९७२ मध्ये लॉस एंजेलिसला गेली. १९५० मध्ये साडेअठरा लाख लोकसंख्या असलेले हे शहर २०१० मध्ये सव्वासात लाखांच्या खाली आले होते.

हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन साँडरसन ही तीन काळी मुले शहराबाहेरच्या बेलव्हिल गावातल्या शाळेत भेटली. आपल्याकडची दुसरी पिढी म्हणतो ना, आई-बापाने कारखान्यात, सरकारी नोकरीत घाम गाळला आणि मुलांना पुस्तके मिळाली, तशी ही पिढी. रात्री 'इलेक्ट्रिफाइंग मोजो' नावाचा काळा रेडिओ निवेदक त्यांच्या कानावर जर्मनीचे क्राफ्टवेर्क, प्रिन्स आणि पार्लमेंट-फंकाडेलिक एकापाठोपाठ घालत असे. हे काळ्यांचे, ते गोऱ्यांचे असे तो मानत नसे. अ‍ॅटकिन्सने रिक डेव्हिस या व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकासोबत 'सायबोट्रॉन' गट काढला, १९८१ मध्ये पहिली तबकडी आली. अ‍ॅल्व्हिन टॉफ्लरचे 'द थर्ड वेव्ह' हे पुस्तक त्याच्यावर प्रभाव टाकून गेले होते. यंत्राने माणसाला कामावरून हाकलले, तर त्याच यंत्राला आपण काय करायला लावू शकतो, असा तो विचार होता. १९८५ मध्ये त्याने 'मेट्रोप्लेक्स' हे स्वतःचे लेबल काढले. मे आणि साँडरसननेही आपापली लेबले काढली. म्हणजे संगीत नवे आणि मालकीही स्वतःची. ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची.

१९८८ मध्ये इंग्लंडमध्ये या डेट्रॉइटच्या मुलांचा एक संग्रह निघायचा होता. आधी त्याला 'डेट्रॉइटचे हाऊस' असे काहीतरी नाव ठरत होते. अ‍ॅटकिन्सच्या गाण्याच्या नावात 'टेक्नो' शब्द होता, तो उचलला गेला आणि प्रकाराचे नाव टेक्नो पडले.

इथून पुढे युरोप. शिकागोचे 'जॅक युअर बॉडी' १९८७ च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले, तेव्हा अमेरिकेतल्या बहुसंख्य गोऱ्यांना हाऊस हा शब्दही माहीत नव्हता. १९८८ मध्ये इंग्लंडची तरुण पोरे शेतांत, गोदामांत हजारोंनी नाचू लागली. १९९४ मध्ये तर तिथल्या संसदेने कायदा केला आणि त्यात एकसारख्या ठेक्याच्या संगीतावर नाचायला जमलेल्या लोकांना हुसकावण्याचा अधिकार पोलिसांना दिला. ब्रिटिशांनी ठेक्याला घाबरणे यात नवे काही नाही. १७३९ मध्ये दक्षिण कॅरोलायनात स्टोनो येथे गुलामांनी ढोल वाजवत बंड केले. पुढच्याच वर्षी त्या वसाहतीने कायदा करून गुलामांच्या हातातले ढोल काढून घेतले.

इथे थोडे थांबू. तिकडे ढोल हिसकावून घेतला गेला आणि इकडे, आपल्या गावगाड्यात, हलगी गळ्यात बांधली गेली. गावाच्या लग्नात, मयतात, जत्रेत वाजवायचे, तेही लांब उभे राहून. नाही म्हणायची सोय नव्हती. म्हणून वाद्य खाली ठेवणे हाच कितीतरी ठिकाणी आपल्याकडे बंडाचा मार्ग झाला, तर तिकडे वाद्य पुन्हा हातात घेणे हे बंड झाले. वंश आणि जात एकच, असे घाईने म्हणणाऱ्या मित्रांनी हा फरक ध्यानात घ्यावा. डीजेला विरोध करणाऱ्या आपल्या ज्येष्ठांच्या मनात हलगीची ती आठवण कुठेतरी आहे असे आम्हाला वाटते. तिची चेष्टा करू नये.

युरोपात गेल्यावर या संगीताचे काय झाले, त्याचे दोन नमुने देतो.

पहिला आवाजाचा. लोलिएटा हॉलोवे ही शिकागोची काळी गायिका. तिने १९८० मध्ये गायलेल्या डिस्को गाण्यातला तिचा आवाज कापून 'ब्लॅक बॉक्स' या इटालियन गटाने १९८९ मध्ये 'राइड ऑन टाइम' काढले. ते ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. व्हिडिओत आणि दूरदर्शनच्या कार्यक्रमांत ओठ हलवत होती एक सडपातळ मॉडेल. हॉलोवेचे नाव कुठेच नव्हते. तिला वकिलामार्फत भांडून मोबदला मिळवावा लागला. मार्था वॉश या दुसऱ्या काळ्या गायिकेच्या बाबतीत तर हे वेगवेगळ्या गटांनी केले. आवाज तिचा, पडद्यावर दुसरीच. तिने खटले भरले आणि त्यानंतर गाणाऱ्याचे खरे नाव देण्याची रीत या धंद्यात रुजली. लक्षात घ्या, पडद्यावर आणलेल्या मॉडेलही काळ्याच होत्या. म्हणजे प्रश्न नुसता कातडीच्या रंगाचा नव्हता. धिप्पाड, वयाने मोठी, कष्टकरी दिसणारी काळी बाई बाजाराला नको होती, तिचा गळा तेवढा हवा होता. लावणी-तमाशातल्या आपल्या बायांच्या वाट्याला काय आले हे ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही.

दुसरा नमुना शहराचा. बर्लिनची भिंत पडली आणि १९९१ मध्ये एका जुन्या दुकानाच्या तळघरातल्या तिजोरीच्या खोलीत 'ट्रेझोर' क्लब उघडला. त्याच नावाच्या लेबलची पहिली तबकडी कुणाची? डेट्रॉइटच्या 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स' गटाच्या काळ्या मुलांची. ट्रेझोरने हे कधी लपवले नाही, उलट बर्लिन आणि डेट्रॉइटच्या मैत्रीच्या नावाने संग्रहही काढला. हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण मार्च २०२४ मध्ये जर्मनीने आपल्या राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाच्या यादीत 'बर्लिनची टेक्नो संस्कृती' नोंदवली. बर्लिनने टेक्नोसाठी खूप केले, आम्ही नाकारत नाही. पण जे शहर ओस पडत असताना हे संगीत जन्मले ते पाहुणे ठरते, आणि जिथे ते पोचले ते शहर वारसदार होते. राज्यसत्तेकडे शिक्का असतो, तो ती आपल्याच दस्तऐवजावर मारते.

मग २०१० नंतर अमेरिकेने आपल्याच शहरांतले हे संगीत युरोपकडून परत विकत घेतले आणि त्याला 'ईडीएम' असे गुळगुळीत नाव दिले. 'फोर्ब्स'च्या सर्वाधिक कमाईच्या डीजेंच्या यादीत २०१३ ते २०१८ सलग पहिला राहिला स्कॉटलंडचा कॅल्व्हिन हॅरिस. २०१४ मध्ये त्याची कमाई ६ कोटी ६० लाख डॉलर सांगितली गेली. त्या याद्यांत गोरे पुरुष जवळपास सगळे. हॅरिसने काही चोरले असे आमचे म्हणणे नाही. पण त्याच काळात शिकागोत काय होते? हाऊसच्या पहिल्या पिढीतले लॅरी हर्ड आणि रॉबर्ट ओवेन्स यांना, आपल्या १९८० च्या दशकातल्या गाण्यांचे पैसे वर्षानुवर्षे मिळाले नाहीत असा आरोप करत, 'ट्रॅक्स' या रेकॉर्ड कंपनीविरुद्ध २०२० मध्ये न्यायालयात जावे लागले. २०२२ मध्ये तडजोड झाली आणि गाण्यांचे हक्क त्यांना परत मिळाले. म्हणजे ज्या गाण्यांवर जग ३५ वर्षे नाचले, ती स्वतःची म्हणण्यासाठी आयुष्य गेले.

या सगळ्यात आम्हाला जवळचा वाटतो तो अंडरग्राउंड रेझिस्टन्स. माईक बँक्स, जेफ मिल्स आणि नंतर रॉबर्ट हूड. १९९० च्या सुमारास उभा राहिलेला हा गट. त्यांनी चेहरे झाकले, मोठ्या कंपन्यांशी करार नाकारले, डेट्रॉइटमध्ये स्वतःची वितरण व्यवस्था उभारली. १९९९ मध्ये त्यांच्या 'नाइट्स ऑफ द जॅग्वार' या गाजलेल्या धूनेची परवानगी न घेता सोनीच्या जर्मन शाखेने हुबेहूब नक्कल काढली. जगभरच्या चाहत्यांनी निषेधाची पत्रे, ईमेल पाठवून कंपनीला हैराण केले आणि सोनीला माघार घ्यावी लागली.

त्याच वर्तुळात 'ड्रेक्सिया' नावाची जोडी होती, जेम्स स्टिन्सन आणि जेराल्ड डोनल्ड. त्यांनी एक मिथक रचले. गुलामांच्या जहाजांवरून ज्या गरोदर आफ्रिकी बायकांना समुद्रात फेकून दिले गेले, त्यांच्या पोटातली बाळे पाण्यातच श्वास घ्यायला शिकली, आणि त्यांचे एक राष्ट्र समुद्रतळाशी आहे. १९९७ च्या त्यांच्या संग्रहाच्या वेष्टनावर ही कथा छापली आहे, पण संगीतात शब्द जवळपास नाहीतच. हे वाचताना आम्हाला जोतीराव आठवले. 'गुलामगिरी'त त्यांनी मत्स्य, कच्छ, वराह या अवतारांच्या कथा उलट्या करून आक्रमकांचा इतिहास म्हणून वाचल्या आणि पाताळात गाडलेल्या बळीराजाला आपला राजा केले. ज्यांचा इतिहास लिहिलाच गेला नाही ते मिथक हातात घेतात आणि त्याचे टोक फिरवतात. १८७३ चे ते पुस्तक जोतीरावांनी अमेरिकेतली गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केले होते. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या. १९७२ मध्ये पँथर हे नाव तिकडूनच आले. तेव्हा 'काय संबंध' हा प्रश्न निदान आपण तरी विचारू नये.

आता गोवा, कारण मूळ वाक्यात गोवा होता. हणजूणच्या किनाऱ्यावर युरोप-अमेरिकेतले हिप्पी आले, त्यांनी १९९० च्या दशकात 'गोवा ट्रान्स' घडवले. त्यातला तो पिळवटणारा आवाज शिकागोच्या ३०३ चाच. नाव गोव्याचे लागले, पण गोव्याच्या बहुजनांच्या वाट्याला आले ते खोल्या भाड्याने देणे आणि पार्टीच्या कडेला चटई टाकून चहा विकणे. गोव्याची पार्टी पाहून या संगीताला गोऱ्यांचे म्हणणे म्हणजे उसाचा रस पाहून ऊस कारखानदाराने पिकवला म्हणणे.

याला जोडून हल्ली एक दावा फिरतो. १९८२ मध्ये मुंबईत चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी ८०८ आणि ३०३ वापरून डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले, ती तबकडी २०१० मध्ये नेदरलँड्समधून पुन्हा निघाली आणि 'अ‍ॅसिड हाऊस भारतात जन्मले' असा गाजावाजा झाला. तबकडी खरोखर अचाट आहे, जरूर ऐका. चरणजित सिंग यांना हयातीत मान मिळाला हे चांगलेच झाले. ते २०१५ मध्ये वारले. पण शिकागोच्या मुलांनी ती ऐकलेली नव्हती आणि इथेही ती विस्मरणात गेली होती, तिच्यामागे नाचणारा समाज नव्हता. संगीताचा प्रकार यंत्रातून जन्मत नाही. तो लोकांतून, जागेतून, रात्रीमागून रात्री एकत्र येण्यातून जन्मतो. 'सगळे आधी आमच्याकडेच होते' हा रोग आपल्या देशात कुणाला आहे हे सांगायला नको. आपण तो लावून घेऊ नये.

आणि एक गोष्ट आपल्यातल्यांसाठी. हा इतिहास सांगताना 'काळ्यांचे संगीत' एवढे म्हणायचे आणि 'समलिंगी' हा शब्द गिळायचा, असे आमच्याच एका सहकाऱ्याने सुचवले. 'पोरं हसतील' म्हणाला. हसतील, खरे आहे. आपल्या मोर्चात, वसतिगृहात तृतीयपंथी आणि समलिंगी माणसांवर जे विनोद होतात ते आम्ही ऐकले आहेत आणि कधी कधी गप्पही राहिलो आहोत. पण फ्रँकी नकल्समधला समलिंगी वगळला की मग वेअरहाऊसच उरत नाही, कारण ती जागा त्या नाकारलेपणासाठीच उभी राहिली होती. गोऱ्यांनी काळा रंग पुसला म्हणून आपण ओरडायचे आणि दुसरे अर्धे स्वतः पुसायचे, असे चालणार नाही.

शिकागोने २००४ मध्ये जेफरसन स्ट्रीटच्या त्या भागाला फ्रँकी नकल्सचे नाव दिले. २०१४ मध्ये तो वारला. २०२३ मध्ये त्या इमारतीला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला, तोही लोकांनी मोहीम चालवल्यावर.

परत आपल्या एप्रिलकडे. यूट्यूबवर भीमगीतांची डीजे रिमिक्स उघडून पाहा. मिक्स करणाऱ्याचे नाव ठळक, मोबाइल नंबरसकट. साउंड सिस्टीमवाल्याचे नाव त्याच्याखाली. ज्या शाहिराने ते गाणे लिहिले, ज्या गायक-गायिकेने १९८०-९० च्या दशकात ते कॅसेटवर गायले, त्यांचे नाव बहुतेक ठिकाणी नाही. गळा तेवढा कापून घेतलेला. हे करणारा कुणी इटालियन गट नाही, आपलीच मुले आहेत, आणि त्यांना यात काही चूक वाटत नाही कारण कुणी सांगितलेलेच नाही.

आमच्या वर्गातल्या मुलांनी यंदा मिरवणुकीत वाजणाऱ्या गाण्यांची यादी करून प्रत्येकासमोर गीतकार, गायक आणि संगीतकार लिहायला घेतले आहे. बऱ्याच गाण्यांसमोरचा रकाना अजून रिकामा आहे. जुन्या कॅसेटची वेष्टने कुणाच्या घरी असतील तर फेकू नका, आम्हाला त्यांचा फोटो पाठवा. ज्येष्ठांपैकी दोघांनी, ज्यांचा डीजेला आजही ठाम विरोध आहे, आपल्या ट्रंकेतल्या कॅसेट काढून दिल्या आहेत.